केस आले की मग बघू: बडोद्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

वय २८, अविवाहित, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. राहायला दांडिया बाजाराजवळ. घरात आई, वडील, धाकटा भाऊ आणि ८४ वर्षांची आजी. घराणं गायकवाडी काळापासून बडोद्यात, त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर गुजराती. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं तेव्हा चिठ्ठीत निदान (चाई, म्हणजे डोक्यावरचे केस चट्ट्याचट्ट्यांनी जाणं), औषधं आणि खाली एकच ओळ होती: ‘उपचार चालू आहेत, पण पेशंटने शाळेत जाणं सोडलं आहे.’ तिची लेखी परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या घरात एक वाक्य दिवसातून अनेकदा कानावर यायचं: ‘केस आले की मग बघू.’ शाळेत परत कधी जायचं, मैत्रिणीच्या लग्नाला जायचं का, पुण्याहून आलेल्या स्थळाला काय कळवायचं, बी.एड.नंतर एम.एड. करायचं का, सगळ्याला हेच उत्तर. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. उलट तिला धीर द्यायलाच म्हणत होते. पण माझ्या मते या मुलीला खचवण्यात डोक्यावरच्या चट्ट्यांपेक्षा या वाक्याचा वाटा मोठा होता, आणि तेच इथे नीट मांडायचं आहे.

सुरुवात

रविवारी डोक्याला तेल लावताना आईच्या बोटाला मानेच्या वर एक गुळगुळीत जागा लागली, रुपयाच्या नाण्याएवढी. खाज नाही, दुखणं नाही, खपली नाही. आईने लगेच ओळखलं, ‘चाई पडली.’ शेजारच्या काकींनी गुजरातीत नाव सांगितलं, ‘उंदरी’, आणि पाठोपाठ उपायही. केसांना कीड लागली आहे, ती मारायची तर कच्ची लसूण घासायची. आठवडाभर लसूण घासली. कातडी भाजून फोड आले आणि एकाचे तीन चट्टे झाले. तीन झाले ते लसणीमुळे नव्हे, आजार पसरतच होता. पण त्या दिवसापासून आईच्या मनाने घेतलं की आपणच पोरीचं डोकं जाळलं.

पुढच्या आठ महिन्यांत चट्टे एकमेकांत मिसळत गेले. माझ्याकडे आली तेव्हा डोक्यावरचे निम्म्याहून जास्त केस गेले होते. मानेवरून कानामागे जाणारा पट्टा पूर्ण मोकळा होता आणि भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. बुरशीमुळे, म्हणजे डोक्यातल्या गजकर्णामुळेही असे चट्टे पडू शकतात, म्हणून ती तपासणी आधीच झाली होती. रक्तात थायरॉइडची कमतरता निघाली आणि त्याची गोळी सुरू झाली. चाईबरोबर थायरॉइडचे विकार बऱ्याचदा आढळतात.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगते, कारण पुढचं समुपदेशन त्याच पायावर उभं राहिलं. चाई हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. केस जिथून वाढतो त्या मुळाला शरीराच्याच संरक्षक पेशी परकं समजतात आणि त्याच्यावर चालून जातात. केस तुटून पडतो, पण मूळ मरत नाही, म्हणून वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात. यात कीड नसते आणि हा आजार संसर्गजन्य नाही. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, बहुतेकांना चाळिशीच्या आत. एखाद-दुसरा चट्टा असेल तर निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप येतात. मानेवरचा पट्टा गेला असेल किंवा भुवयाही जात असतील तर मात्र काम अवघड असतं. तिच्या बाबतीत दोन्ही होतं.

लपवण्याची नोकरी

पहिल्या भेटीत ती ओढणी घट्ट गुंडाळून बसली होती आणि पंखा बंद करायला सांगितला. मे महिन्यातलं बडोदं, खोलीत घामाच्या धारा, तरी पंखा नको. पंख्याची भीती कुठून आली ते विचारलं, तेव्हा शाळेतले शेवटचे दिवस बाहेर आले. वर्गात पंखा नेमका फळ्यासमोरच्या जागेवर होता. ती विग घालायची आणि फळ्यावर लिहिताना डावा हात कानाच्या वर दाबून धरायची. मुलांकडे पाठ केली की मागची कड उचलली जात असेल, या विचाराने गणित चुकायचं. मग फळा सोडला आणि बाकांमधून फिरत तोंडी शिकवू लागली. भूमिती तोंडी शिकवता येत नाही. त्रिकोणांची एकरूपता शिकवायच्या दिवशी तिने रजा टाकली आणि ती रजा संपलीच नाही.

घरीही सुटका नव्हती. आई रोज पहाटे तिच्या आधी उठून मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढायची, उशीवरचे वेचायची आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून मोजायची. मुलीला दिसू नयेत म्हणून हा खटाटोप. मुलगी त्या वेळी डोळे मिटून जागीच असायची. एकमेकींना वाचवण्यासाठी दोघी रोज सकाळी हे नाटक करत होत्या आणि त्यावर एक शब्द बोलत नव्हत्या. रात्री मुलगी दार लावून फोनवर डोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढायची आणि कालच्या फोटोशी ताडून बघायची. झोप येईपर्यंत दीड-दोन वाजायचे.

दिवसात एकच वेळ अशी होती जेव्हा जीव हलका व्हायचा, असं ती म्हणाली. संध्याकाळी अ‍ॅक्टिव्हावर. बडोद्यात उन्हा-धुळीमुळे गाडीवरच्या निम्म्या मुली ओढणीने डोकं-तोंड बांधूनच फिरतात, फक्त डोळे उघडे. ‘तिथे मी सगळ्यांसारखी दिसते, मॅडम.’ म्हणून ती काही काम नसताना अकोटा पुलावरून जुन्या पादरा रोडला आणि तिथून परत, अशा फेऱ्या मारायची. सिग्नलला थांबली की कुणी बघत नाही याचं सुख. हे ऐकून मला उपचाराची दिशा सापडली. या मुलीला एकांत आवडत नव्हता, तिला माणसांतच राहायचं होतं.

मूल्यमापन

नैराश्याच्या प्रश्नावलीत, पीएचक्यू-९ मध्ये, तिचे गुण २७ पैकी १४ आले, म्हणजे मध्यम तीव्रता. चिंतेच्या जीएडी-७ वर २१ पैकी १६, म्हणजे तीव्र. त्वचाविकाराचा जगण्यावरचा परिणाम मोजणाऱ्या डीएलक्यूआयमध्ये ३० पैकी २१. त्या मोजपट्टीवर २१ पासून पुढे ‘अत्यंत मोठा परिणाम’ धरतात.

जीव नकोसा होतो का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असला तर बोलायला वाट मिळते. तिने सांगितलं, ‘मरायचं नाहीये. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं.’ त्याच दिवशी तिच्या संमतीने भावाला सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, पुढची भेट तीन दिवसांवर ठेवली आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये घातला. मानसोपचारतज्ज्ञांनी अल्प मात्रेत औषध सुरू केलं. काही आठवड्यांत झोप सुधारली आणि मगच बोलण्याच्या उपचाराला वेग आला.

निदानाबद्दल एक मुद्दा इथे नोंदवायला हवा. अशा पेशंटला पुष्कळदा ‘दिसण्याचं खूळ’ असा शिक्का बसतो. स्वतःच्या रूपात नसलेलं किंवा अगदी किरकोळ वैगुण्य मोठं दिसत राहणं हा वेगळा विकार आहे. इथे नुकसान खरं होतं आणि तिचं दुःखही त्या नुकसानीच्या मापाचं होतं. घरातलं माणूस गेल्यावर जसं सुतक, तसं या दुःखालाही जागा द्यावी लागते. ‘केसच तर आहेत, जीव तर धोक्यात नाही ना’ असं म्हणणारे ती जागाच नाकारतात.

टेन्शन घेते म्हणून

पहिलं काम दोष उतरवण्याचं होतं. तिला चाई का झाली यावर घरात आणि शाळेत एकमत होतं: टेन्शन घेते म्हणून. वरून सल्ला, ‘टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर आणखी गळतील.’ म्हणजे रडली तरी धोका आणि घाबरली तरी धोका. काळजी वाटली की तिला त्या काळजीचीच काळजी वाटायची. आजार झाला तोही तिच्यामुळे आणि बरा होत नाही तोही तिच्यामुळे, असा निकाल तिच्यावर लागला होता.

ताणाचा आणि चाईचा संबंध इतका सरळ नाही. काही पेशंटना मोठ्या धक्क्यानंतर चाई सुरू झालेली दिसते, पुष्कळांच्या आयुष्यात तसं काहीच घडलेलं नसतं. आनुवंशिकतेचा वाटा मात्र नक्की आहे. लोकांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारामुळे. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा जबर मानसिक आघातानंतर दोन-तीन महिन्यांनी सबंध डोक्यावरचे केस भराभर गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात. ते गळणं वेगळं, चाई वेगळी. मी तिच्या त्वचारोगतज्ज्ञांना विनंती केली की हे त्यांनी स्वतःच्या तोंडून, आईवडिलांना समोर बसवून सांगावं. माझ्या सांगण्याला ‘मनाची डॉक्टर’ म्हणून घरात अर्धंच वजन होतं. त्यांनी दहा मिनिटं दिली. वडील त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, ‘म्हणजे हिची काही चूक नाही ना?’ डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही.’ त्या दहा मिनिटांनी माझं बरंच काम सोपं केलं. त्वचारोगाच्या ओपीडीत गर्दी किती असते ते मला माहीत आहे, तरीही प्रत्येक चाईच्या पेशंटच्या घरच्यांना हे एक वाक्य ऐकवावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

खरंच बघतात, मग काय?

चिंतेवरच्या उपचारात साधारणपणे आपण पेशंटचा अंदाज तपासून बघायला लावतो. ‘सगळे माझ्याकडे बघतात’ असं वाटतं ना, मग बघू या खरंच बघतात का. इथे ते जसंच्या तसं लावलं असतं तर ती परत आलीच नसती. कारण लोक बघतात. बाई असल्यामुळे जास्तच बघतात. टक्कल पडलेल्या पुरुषाचंही मन दुखतं, त्याची चेष्टा होते, पण त्याला कुणी ‘कॅन्सर आहे का?’ असं भाजीच्या गाडीवर विचारत नाही. तिला विचारलं होतं.

म्हणून प्रश्न बदलला: बघतील, विचारतील, तेव्हा तू काय करशील? आम्ही उत्तर घडवलं. लहान, खरं, पुढचा प्रश्न थांबवणारं. मराठीत ‘चाई आहे, औषध चालू आहे, संसर्गजन्य नाही.’ गुजरातीत ‘उंदरी छे, दवा चालु छे, चेपी नथी.’ आणि कुणी लसूण सुचवली तर ‘करून झालं, काकी.’ ही वाक्यं तिने आरशासमोर, भावासमोर, माझ्यासमोर इतक्यांदा म्हटली की जीभ अडखळेनाशी झाली.

एकदा मी तिला अयाना प्रेस्लींबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या या लोकप्रतिनिधीने जानेवारी २०२० मध्ये विग काढून स्वतःच्या चाईविषयी जाहीरपणे सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ती खासदार आहे. मी दांडिया बाजारात राहते.’ तिचं बरोबर होतं. दूरच्या धाडसी बाईपेक्षा जवळच्या माणसाची सवय होणं जास्त उपयोगी पडतं. मग आम्ही जवळच्या माणसांची यादी केली आणि सोप्याकडून अवघडाकडे गेलो: भावासमोर विग काढून जेवणं, मग वडिलांसमोर, मग गच्चीवर वाळवणं घालताना, मग एका मैत्रिणीसमोर. मैत्रीण आधी रडली आणि मग नेहमीसारखं तिच्या सासूचं गाऱ्हाणं सांगत बसली. तो दिवस खूप चांगला गेला, असं माझ्या नोंदवहीत तिच्या शब्दांत लिहिलेलं आहे.

फोटो बंद करायला सांगितले नाहीत, कारण बंद झालेच नसते. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, आणि ते डॉक्टरांना दाखवण्यासाठी, एवढं ठरलं. आईशी स्वतंत्र दोनदा बोलले. केस मोजणं थांबवायचं तर त्या हातांना दुसरं काही हवं होतं. तिने स्वतःच सुचवलं की गोळ्यांचं आणि रक्ततपासण्यांचं वेळापत्रक ती सांभाळेल. लसणीचं तिला सारखं बोलून दाखवायचं होतं. मुलीने ऐकलं आणि म्हणाली, ‘आई, फोड दहा दिवसांत गेले होते गं.’

आजी

आजी मात्र कुणाला ऐकेना. नात विग काढून स्वयंपाकघरात आली की ती मान फिरवायची आणि म्हणायची, ‘डोक्यावर पदर घे.’ सलवार-कमीजवर पदर कुठला घेणार? गणपतीच्या आरतीला पाहुणे होते, तेव्हा तिने नातीला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. नातीने याचा अर्थ किळस असा लावला आणि त्या आठवड्यात तिची प्रकृती पुन्हा घसरली.

आजी माझ्याकडे येणं शक्य नव्हतं, म्हणून मी घरी गेले. बोलता बोलता तिने तिच्या आत्याबाईंचा विषय काढला. नवरा गेला तेव्हा आत्याबाई विशीतही नव्हत्या. केशवपन झालं, पुढचं सगळं आयुष्य लाल आलवणात आणि माजघराच्या मागे गेलं. आजीने लहानपणी, चाळीसच्या दशकात, त्यांना दर काही दिवसांनी न्हाव्यासमोर मान खाली घालून बसलेलं पाहिलं होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० मध्ये ‘आम्ही विधवांचं डोकं करणार नाही’ अशी सभा घेतली, पण सोवळ्या बायकांच्या पिढ्या त्यानंतरही कित्येक घरांत होत्या. आजीच्या डोळ्यांना बाईचं बोडकं डोकं म्हणजे एकच गोष्ट दिसत होती, आणि ती आपल्या लग्न न झालेल्या नातीवर दिसत होती. पाहुण्यांसमोर कुणी ‘बोडकी’ हा अपशब्द उच्चारेल, ही तिची भीती होती.

मराठी घरात चाई झालेल्या बाईवर काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. वेणीफणी, गजरा, अंबाडा, लग्नातल्या मुंडावळ्या, यांच्या उलट बाजूला केशवपनाची आठवण अजून घरोघर आहे. ती बोलली जात नाही, पण वृद्ध बायकांच्या नजरेतून तरुण मुलींपर्यंत पोचते. नातीला आत्याबाईंची गोष्ट त्या दिवसापर्यंत कुणी सांगितली नव्हती. ऐकून ती बराच वेळ आजीशेजारी बसली. आजी नंतरही मान फिरवत राहिली, त्यात फारसा फरक पडला नाही. आतल्या खोलीत बस असं मात्र पुन्हा म्हणाली नाही, आणि नातीला त्या मान फिरवण्याचा अर्थ आता माहीत होता.

शाळा, नवरात्र, स्थळ

शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करायची, असं शाळेचं म्हणणं होतं. तिने नवरात्राआधीच जायचं ठरवलं, डोक्याला सुती स्कार्फ बांधून. पहिल्या तासाला आठवीच्या वर्गाला पाच मिनिटांत सांगून टाकलं. मुलांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा बरे होते. ‘टीचर, दुखतं का?’ ‘आम्हाला होईल का?’ एकाने विचारलं, ‘परीक्षा पुढे जाईल का?’ आणि वर्ग हसला. मग फळा. दोन्ही हात मोकळे असलेला तो तास तिने मला तपशीलवार सांगितला: पंखा चालू, खडूची धूळ, आणि तीच राहून गेलेली एकरूपता.

बडोद्यात नवरात्र टाळून राहता येत नाही. मोठ्या मैदानावरच्या गरब्याला तिने स्वतःच नाही म्हटलं. सोसायटीतल्या शेरी गरब्यात, अनवाणी, बांधणीचा स्कार्फ बांधून ती दोन फेऱ्या खेळली आणि घरी आली. पुढच्या रात्री पुन्हा गेली. एका काकींनी लसूण सुचवली. तिने ठरलेलं वाक्य म्हटलं.

स्थळाचं नीट झालं नाही. आईवडिलांचं म्हणणं, केस आले की मग कळवू, आत्ता कशाला. ती म्हणाली, कळवायचं ते मीच कळवीन आणि आत्ता. मुलाशी फोनवर बोलून तिने आजाराचं नाव, औषध, परत होण्याची शक्यता, सगळं सांगितलं. तो नीट बोलला. चार दिवसांनी त्याच्या घरून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. घरात सुतकी शांतता. आईने मला फोन करून विचारलं, सांगितलं नसतं तर जमलं असतं ना? जमलं असतं कदाचित. मग लग्नानंतर रोज सकाळी मोरीची जाळी कुणी साफ केली असती, एवढंच मी विचारलं. मुलगी दोन दिवस रडली. सोमवारी शाळेत गेली. यशाचा पुरावा म्हणून मला पीएचक्यूच्या गुणांपेक्षा तो सोमवार जास्त मोलाचा वाटतो.

केस आल्यावर

सुरुवातीला चट्ट्यांमध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली होती, पण एवढ्या विस्ताराला ती पुरली नाहीत. क्षयरोग, कावीळ, रक्तपेशी आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करून डॉक्टरांनी बॅरिसिटिनिब सुरू केलं. तीव्र चाईसाठी अमेरिकेत जून २०२२ मध्ये मंजूर झालेलं हे पहिलं पोटात घ्यायचं औषध. ज्या चाचण्यांवर ती मंजुरी मिळाली त्यांत ४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांनी ८० टक्के किंवा अधिक केस होते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत नव्हते. हा आकडा आम्ही गोळी सुरू होण्याआधीच तिच्यासमोर ठेवला.

पाचव्या महिन्यात पांढरी लव दिसली. पुढे ती काळी होत गेली. घरात पेढे वाटले. आणि तिची चिंता वाढली. महिन्याचा फोटो आठवड्यावर आला, मग रोजवर. उशी तपासणं सुरू झालं. नव्या केसांना कंगवा लावायला ती घाबरू लागली, शाळेत पुन्हा एक हात डोक्याशी. केस नव्हते तेव्हा गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आता होतं. ‘केस आले की मग’ म्हणून ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उजाडला आणि त्या दिवशी तिला माझ्याकडे तातडीची वेळ घ्यावी लागली. घरच्यांना याचं नवल वाटलं. मला तिला यातून लवकर बाहेर काढता आलं, कारण शाळा, मैत्रीण, गरबा हे सगळं केसांशिवाय आधीच सुरू झालेलं होतं. ‘जे केस नसताना केलंस ते केस असताना करायला भीती कशाची?’ या प्रश्नावर ती स्वतःशीच हसली. फोटो पुन्हा महिन्यावर गेले.

सध्या डोक्याचा बराच भाग भरला आहे, मानेवरचा पट्टा मोकळाच आहे. पीएचक्यू-९ वर ५, जीएडी-७ वर ७. गोळी चालू आहे. ती थांबवल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात, हे तिला आणि आता घरच्यांनाही माहीत आहे. मात्रा कमी करण्याचा विषय डॉक्टरांनी काढल्यावर आम्ही दोघींनी मिळून एक कागद लिहिला. पुन्हा चट्टा दिसला तर आधी भावाला सांगायचं, मग डॉक्टरांना. लसूण नाही. रजा टाकायची नाही. दोन आठवडे सलग झोप उडाली तर माझ्याकडे यायचं, केसांची वाट न बघता. एम.एड.चा अर्ज तिने गेल्या महिन्यात भरला आहे.